आठम-चौदसचं पाणी

मला स्वस्थ बसता येत नाही. भात शिजत असला की चार वेळा झाकण उघडून पाहतो. बस यायच्या अर्धा तास आधी फाट्यावर जाऊन उभा राहतो, आणि ती दिसली नाही की रस्त्यावर दोन्ही बाजूंना चालून येतो, जणू माझ्या चालण्यानं ती लवकर येणार आहे. मी प्राथमिक शाळेत मास्तर आहे. दरवर्षी ओल्या कापसात मटकी रुजवायचा प्रयोग असतो. पोरं शहाण्यासारखी वाट पाहतात. मास्तरच दर तासाला कापूस उचकटून मोड आले का ते बघतो, आणि त्या उचकटण्यानंच निम्मी मटकी कुजते. बायको म्हणते, "तुमच्या हाताले खाज हाय. तिच्यावर औषध नाई." यात थट्टा आहे, पण गेल्या हिवाळ्यात त्या खाजेपायी माझी माय घरी परत आलीच नसती, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

इंझोरीकडून कारंज्याला जाताना आमचं गाव लागतं. वावर काळ्या मातीचं. सोयाबीन आणि तूर बाकी सगळ्यांसारखीच, पण विहिरीच्या खालच्या अंगाला एक अरुंद पट्टी आहे, ती मायची. त्या पट्टीत ती सांबार लावते. बाहेरची माणसं कोथिंबीर म्हणतात, आमच्या वऱ्हाडात तिला सांबार म्हणतात. माझं शिक्षण याच पट्टीवर झालं. मला नोकरी लागल्यावर मी तिला म्हटलं होतं, आता बाजार सोड. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बसनं टोपलं घेऊन कारंज्याला गेली, आणि तो विषय तिथंच संपला.

कारंज्यात एका जैन व्यापाऱ्याच्या कापड दुकानाच्या पायरीखाली ती बसायची. तिचं सांबार दिसायला गरीब. बुटकं, गर्द हिरवं, लहान पानांचं, थंडीत देठ खालून जांभळट पडलेलं. शेजारी कुणाची हातभर उंच, भरघोस जुडी असली तर नवखा माणूस हटकून तीच उचलायचा. पण त्या गल्लीतल्या बायका मायसाठी थांबायच्या. घरी नेऊन मुळांसकट पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवली तर तिची जुडी आठ दिवस मान टाकत नसे. वास असा, की बाजाराच्या दिवशी तिच्या शेजारी बसमध्ये बसलो तर माझ्या शर्टाला संध्याकाळपर्यंत सांबाराचा दरवळ असायचा.

आमच्या घरात एक वस्तू मात्र माझ्या डोळ्यांत खुपायची. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं तिथ्यांचं कॅलेंडर. त्या दुकानातून तिला दरवर्षी मिळायचं. आमचं घर बौद्ध. पौर्णिमेला विहारात वंदनेला जातो, ती सोडली तर तिथीला आमच्याकडे काही काम नाही. आणि माय त्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या दोन अष्टम्या आणि दोन चतुर्दश्या निळ्या पेनानं गोल करून ठेवायची. त्या दिवशी ती बाजारात जायची नाही. त्या दिवशी मोटर लावून पट्टीला पाणी द्यायची, आणि मधल्या दिवसांत थेंबसुद्धा नाही.

मी शाळेत अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस. गावोगाव जाऊन नारळातून निघणाऱ्या धुराचं रहस्य सांगणारा. माझ्याच घरात कोथिंबिरीला तिथी पाहून पाणी दिलं जातं, हे कुणाला कळलं तर? सोबतचे मास्तर घरी यायचे तेव्हा मी त्या खिळ्यावर माझा शर्ट अडकवायचो. एकदा न राहवून मायला विचारलं, "आठम-चौदसचा अन् सांबाराचा काय संबंध हाय?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या दिसी पानी देल्लं का सांबार टिकते."

मी हसलो. जैनांच्या पायरीशी तीस वर्षं बसून त्यांची व्रतं हिच्या अंगात शिरली, असं मनाशी ठरवलं आणि उठलो. ती तवा उतरवून पुढे काही सांगणार होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी प्रश्न भराभर विचारतो. उत्तर येईपर्यंत थांबणं मला जमत नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माय अंगणातल्या शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला शस्त्रक्रिया झाली. धाकटी बहीण अकोल्यातच राहते, तिचं घर तळमजल्यावर, आत संडास, दवाखाना जवळ. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले. बहिणीनं मात्र पहिल्याच दिवशी मनात कायमचं ठरवून टाकलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, आता तिले तिकडं नेऊ नको. आयुष्यभर मरमर केली तिनं. राहू दे माह्यापाशी." तिचं चूक नव्हतं. फक्त माय नसलेलं घर डोळ्यांपुढे आलं आणि मला तिथं उभं राहवेना.

मायनं खाटेवरून सगळं ऐकलं होतं. मला जवळ बोलावून म्हणाली, "बाबू, पट्टी पेरून आली मी. दर आठवड्याले मले एक जुडी धाड. पट्टी जित्ती हाय असं दिसलं तं मी येईन घरी. अन् मेली असन तं कायले येऊ? भिंती पाहाले?"

"धाडतो ना. त्यात काय?" मी म्हणालो. खरंच, त्यात काय, असंच मला वाटलं होतं.

घरी आलो आणि पहिलं काम केलं ते कॅलेंडर काढलं. गुंडाळी करून गव्हाच्या कोठीमागे टाकून दिलं. खिळा तेवढा राहिला. मग पट्टीकडे गेलो. रोपं चार बोटं वर आलेली, माती वरून कोरडी, भेगा पडू पाहणारी. मला तर ती तहानेनं जीव सोडताना दिसली. लगेच मोटर लावली. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशीही. ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं म्हणून शेजारच्या गावातून हिरवी जाळी आणून खांबांवर ताणली. पानं अजून फिकी दिसतात असं वाटून मूठभर युरिया टाकला, आणि आठ दिवसांनी पुन्हा. रोज सकाळी काहीतरी करायला मिळत होतं. हाताला काम होतं आणि जिवाला बरं वाटत होतं.

सांबार तरारून आलं. मायच्या उभ्या जन्मात नसेल एवढं उंच. पान रुंद, पोपटी, बोटांत धरलं तर लुसलुशीत. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणारे थांबून पाहायचे. मी फोटो काढून बहिणीच्या फोनवर पाठवला. तिनं सांगितलं की मायनं खूप वेळ फोटो पाहिला आणि म्हणाली, "लय उंच झालं." मी ते कौतुक समजलो आणि दिवसभर खुशीत होतो.

पहिली जुडी शनिवारी निघाली. शाळा सकाळची, बाराला सुटली. तसाच वावरात गेलो, भर उन्हात सांबार उपटलं, शहरातल्या घरी जायचं म्हणून मोटरीच्या धारेखाली पानं-मुळं चकचकीत होईपर्यंत धुतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून घट्ट गाठ मारली आणि कारंज्याला जाऊन अकोल्याच्या बसमध्ये ओळखीच्या कंडक्टरच्या हाती दिली. संध्याकाळी फोन आला. बहीण म्हणाली, "दादा, पिशवी उघडली तं वास मारून राह्यलं ना. पानं चिकट झाले. देठ तं हाताले लागून राह्यले." मी बसला दोष दिला. इंजिनाजवळ ठेवली असेल म्हणालो. रस्त्याला दिला, उन्हाला दिला.

दुसऱ्या आठवड्यात मी पिशवी बदलली. वावरात काही बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. सकाळी लवकर उपटलं, धुतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. या वेळी पोचेपर्यंत हिरवं होतं. मायनं तांब्यात पाणी घालायला लावून जुडी खिडकीत उभी करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पानं तांब्याच्या काठावरून खाली लोंबत होती. तिसऱ्या दिवशी पिवळी. बहिणीनं हे सांगितलं आणि पुढे म्हणाली, "माय म्हणाली, पट्टी मेली वाट्टे. शेजारच्या वावरातल्या काकाले अर्ध्या वाट्यानं, बटईनं देऊन टाका मनून सांगतलं तुले." तिच्या आवाजातला आनंद तिला लपवता येत नव्हता. पट्टी तर डोळ्यांसमोर डुलत होती. मेली कशी?

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून अकोल्याला गेलो. खिडकीत तांब्या तसाच होता. कुणी टाकून द्यायचं धाडस केलं नव्हतं. वाळलेल्या पिवळ्या पानांकडे मायचं तोंड होतं. मी पंख्याचा वेग कमी केला, मग वाढवला. औषधाच्या गोळ्या मोजल्या. दारापाशी जाऊन गल्ली पाहिली.

"बाबू, बस ना जरा," माय म्हणाली. "आला तवापासून सात खेपा उठला तू."

मी बसलो. तिनं हळूच विचारलं, "पानी कवा देतं सांबाराले?"

"रोज. सकाळी न चुकता देतो," मी अभिमानानं सांगितलं.

तिनं डोळे मिटले. मला ते मिटलेले डोळे आवडले नाहीत. "काहून? चुकलं का काही?" मी विचारलं, आणि तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. कारंज्याची बस वीस मिनिटांवर होती. मी उठलो, चपला घालता घालता बोलत राहिलो, की पुढची जुडी बघ कशी येते, माझ्यावर सोड. ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. सत्तरीची बाई, खुब्यात लोखंड घातलेलं, एका अंगावर वळायला तिला किती वेळ लागला हे मी दारातून पाहिलं. तरी गेलो. त्या जाण्याची लाज मला अजून वाटते.

बसमध्ये माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या डोक्यात एकच घोकणी चालली होती की मी सगळं दिलं, पाणी दिलं, खत दिलं, सावली दिली, मग कमी काय पडलं? कारंज्याला उतरलो तो पाय आपसूक त्या कापड दुकानाकडे वळले. मायची जागा रिकामी होती. तिच्या शेजारी जी बाई वर्षानुवर्षं बसते, जिला मी मावशी म्हणतो, ती होती. तिचं गाव दुसऱ्या अंगाला, टेकडावर. या दोघी जागेवरून भांडायच्या, एकीनं सरकून बळकावलेली वीतभर जागा दुसरी परत घ्यायची, आणि दुपारी एकाच कपातला चहा बशीत ओतून प्यायच्या. तिच्यापुढे ओल्या गोणपाटावर जुड्या मांडल्या होत्या. बुटक्या, गर्द, लहान पानांच्या. अंबाडीच्या सालीनं बांधलेल्या. मी मायच्याच जुड्या पाहतोय असं मला क्षणभर वाटलं.

मावशीनं मायची चौकशी केली. मी सांगितलं. मग सांबाराचंही सांगितलं, कारण पोटात मावत नव्हतं. ती ऐकत राहिली आणि युरियापाशी येताच हसली.

"रोज पाजलं तं ते मुळी खाली कायले धाडन?" ती म्हणाली. "वरच पानी भेटते, वरच मुळी पसरते. पान फुगते, त्याच्यात पानीच पानी. उपटलं का गेलं. तहान लागली का मुळी खाली जाते. खाली गेल्लं सांबार उपटल्यावर बी दम धरते. त्याले उपाशी राहाची सवय असते ना."

"मंग पाणी कवा द्यायचं?"

"आठमले अन् चौदसले. तुह्या मायनंच तं मले शिकोलं."

मी सवयीनं चिडलो. म्हणालो, मावशी, चंद्राचा आणि सांबाराचा काही संबंध नसतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोरांकडे पाढा चुकल्यावर पाहतो.

"चंद्राचं नाव कोनं घेतलं? ह्या गल्लीत जैन लोकं राह्यतात. आठमले अन् चौदसले त्याईच्या घरी हिरवं खात नाईत. बजारात येऊन कराव काय, माशा हाकलाव? मंग तुही माय मने, त्या दिसी घरी राहाव अन् पानी द्याव. मधात हप्ताभर पाजाचंच नाई. अन् पानी देल्लं का दोन दिस हात लावाचा नाई. इतली सिधी गोष्ट हाय."

इतकी सिधी. विकता येत नाही तो दिवस पाण्याचा, आणि काळ्या मातीला थंडीत सहा ते नऊ दिवसांनी एक पाणी बरोबर पुरतं. दोघींचं पोट, एका गल्लीचा धर्म आणि एका रोपाची तहान मायनं एका कॅलेंडरवर जमवली होती. मी त्याच्यावर शर्ट अडकवत होतो. सगळ्यांना "का?" विचारायला शिकवणाऱ्या मास्तरानं घरात एकदाही ते धड विचारलं नव्हतं. मला तिथं पायरीवर बसून रडावंसं वाटलं. रडलो नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं.

मावशी पुढेही सांगत होती. जाळी काढून टाक, उन्हानं पान जाड होते. सकाळी दव वाळू दे, मग उपट. धुवायचं बिलकुल नाही, पान ओलं झालं की सडतं. ओल्या फडक्यात नुसत्या मुळ्या गुंडाळ, पानांना हवा लागू दे. आणि बांधलेली पिशवी कधीच नको. मी उभ्यानं ऐकत होतो. माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाला आणि मी अजून तिथंच आहे.

घरी येऊन सरळ पट्टीत गेलो. एक उंच रोप ओढलं. ते अलगद हातात आलं. मूळ बोटभरसुद्धा नव्हतं, वरच्या वर पिंजारलेलं. मी आणखी दहा उपटली. सगळी तशीच. ती पट्टी सावरण्यासारखी नव्हती. जाळी काढली, सांबार उपटून बैलांपुढे टाकलं, माती वाळू दिली आणि मायच्या डब्यातले धणे काढले. ती करते तसे चपलेखाली हलके रगडून दोन फाके केले आणि नव्यानं पेरले. कोठीमागून कॅलेंडर काढलं, फडक्यानं पुसलं. बायको दारात उभी होती. "लावा लावा," म्हणाली, "खिळा तसाच हाय."

पण नवं सांबार यायला महिना-सव्वा महिना लागणार होता, आणि शनिवार चार दिवसांवर होता. माय तिकडे खिडकीत रिकामा तांब्या पाहणार होती. काका बटईची बोलणी करायला येणारच होते.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी मावशीकडे गेलो आणि तिच्या दोन जुड्या घेतल्या. तिनं शिकवलं तसंच केलं. धुतलं नाही. मुळ्यांना ओलं फडकं गुंडाळलं, वेताच्या टोपलीत उभ्या ठेवल्या, वरून कापड सैल बांधलं. टोपली त्याच कंडक्टरच्या हाती दिली. आयुष्यात मायशी खोटं बोललो नव्हतो असं नाही, पण तिच्याच पट्टीचं खोटं कधी बोललो नव्हतो.

आठवडा सरत आला. सहाव्या दिवशी बहिणीचा फोन आला, आवाज पडलेला. म्हणाली, "तांब्यातलं सांबार अजून ताठ हाय. माय तुह्याशी बोलतो मनते." मग मायचा आवाज आला.

"जमलं तुले, बाबू. डाक्तरनं सोडलं का येतो मी."

मी "हाव" म्हणालो. जी गोष्ट कानावर यावी म्हणून महिनाभर तडफडत होतो ती आली, आणि आता बसवत नव्हतं, जेवण गोड लागत नव्हतं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि काय लिहायचं होतं तेच विसरलो. पुढच्या शनिवारी पुन्हा मावशीच्या जुड्या गेल्या. त्याच्या पुढच्या शनिवारीही. माय दर वेळी विचारायची, पट्टी कशी हाय, आणि मी सांगायचो, मस्त हाय.

इकडे खरी पट्टी उगवून वर आली होती. अष्टमीला पाणी दिलं. मग पाचव्या दिवशी दुपारी पाहतो तर रोपांनी माना टाकल्या होत्या. माझे हात शिवशिवायला लागले. एवढंसं पाणी, नुसता शिपका, त्यानं काय बिघडतंय? मोटरीच्या पेटीपाशी गेलो तर फ्यूज जागेवर नव्हता. घरभर शोधला. शेवटी बायको शांतपणे म्हणाली, "तुरीच्या डाळीच्या डब्यात हाय. चौदसले भेटन." मी तिच्यावर ओरडलो. तिनं भाजी चिरणं थांबवलं नाही. संध्याकाळी ऊन कललं तेव्हा पट्टीत गेलो तर सगळी रोपं पुन्हा ताठ उभी होती. मी तिथं बराच वेळ होतो.

जानेवारीत बहीण मायला गाडीतून घेऊन आली. मायच्या हातात चार पायांची काठी होती. बहिणीचे डोळे सुजलेले होते. जाताना मला म्हणाली, "तुह्या सांबारानं नेलं हो माह्या मायले." मला तिच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्या झाल्या माय म्हणाली, "मले पट्टीकडे ने." रात्रभर मी याच वाक्याची धास्ती घेतली होती. बायकोनं प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, मी मायला धरलं. शंभर पावलांना आम्हाला खूप वेळ लागला. प्रत्येक पावलाला मी मनात वाक्य जुळवत होतो आणि मोडत होतो. धुऱ्यावर खुर्ची ठेवली. माय बसली. पुढे पट्टीत सांबार वीतभरही नव्हतं. महिनाभर आठवड्याला दोन जुड्या निघाल्या असतील अशी ती पट्टी नव्हती, हे कुणालाही दिसलं असतं.

"माय," मी म्हणालो, "मी धाडलं थे सांबार आपलं नव्हतं."

"मालूम हाय," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"मुळीले मुरूम होता. लाल खडे. आपल्या काळ्या वावरात मुरूम कुठी हाय? थे टेकडावरलं, तिचं सांबार. तिच्या पह्यल्याच जुडीले दिसलं मले."

"मंग जमलं तुले, असं काहून म्हणाली?"

माय वाकली. खाली वाकताना तिला दुखत होतं, मी पुढे झालो तर तिनं हातानंच मागे सारलं. कडेचं एक रोप तिनं दोन बोटांत धरून सावकाश ओढलं. ते सहज आलं नाही. आलं तेव्हा पांढरं, सरळ मूळ वरच्या रोपापेक्षा लांब होतं, आणि त्याला काळी माती चिकटली होती. तिनं ते मांडीवर ठेवलं.

"धुतलं नव्हतं तू," ती म्हणाली. "पह्यले दोन्ही खेपा चकचकीत धुऊन धाडलं. तिसऱ्या खेपेले मुरूम तसाच. मंजे तू तिच्यापाशी गेल्ता, उभा राह्यला, अन् तिचं सारं आयकलं. तू कोनाचं पुरतं आयकलं, हे मले पह्यल्यांदा दिसलं. मुरूम धुऊन धाडला असता तं मी आलीच नसती."

पट्टीकडे पाहत उभा राहिलो. पाचव्या दिवसाची तहान होती, पानं जराशी मलूल दिसत होती, आणि मोटरीची पेटी हाताच्या अंतरावर होती. माझा हात तिकडे गेला असावा, कारण मायनं विचारलं, "आज कोन्ती तिथी हाय रे?"

"तेरस," मी म्हणालो. कॅलेंडर घरात होतं, पण मला आत जाऊन पाहावं लागलं नाही.

"मंग आज पानी नाई. बस."

मी तिच्या खुर्चीशेजारी धुऱ्यावर बसलो. शाळेची वेळ होईपर्यंत उठलो नाही.